हॅमिल्टनच्या आत्याचं कुर्र

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये जन्मलेल्या कुठल्याही मराठी पोराला धरा आणि विचारा, बाबा रे, तुझं नाव तुझ्या कानात कुणी सांगितलं? आईकडे बोट दाखवणार नाही की बापाकडे. 'उल्का आत्या' म्हणून मोकळा होईल. आता एका बाईला एवढे भाऊ कुठून आले, असं तुमच्या मनात आलं असेल तर त्यात तुमची काही चूक नाही. उल्का आत्याला सख्खा भाऊ एकच, दीनानाथ. बाकीचे सगळे गरजेपोटी झालेले.

त्याचं असं आहे, बारशाला आत्या लागते. बाळाच्या बापाची बहीण. ती पाळण्यात वाकते, कानात नाव सांगते, 'कुर्र' करते आणि मागे उभ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात, ते विचारू नका. घालतात. पण इकडे आलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या बहिणी सगळ्या पुण्या-साताऱ्याला. एका हौशी बापानं ट्रंक कॉल लावून रिसीव्हर बाळाच्या कानाला धरला होता. लाइन खराब. बहीण तिकडून 'हॅलो, हॅलो' करत राहिली आणि फोन तुटला. त्या बाळाचं खरं नाव हॅलो आहे असं उल्का आत्या अजून शपथेवर सांगते. आज तो मोठा हार्ट सर्जन आहे आणि आत्या दिसली की रस्ता बदलतो.

त्या फोनच्या दिवशी हजर असलेली एकुलती बिनकामाची बाई म्हणजे उल्का. नुकतीच भावाकडे आलेली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागलेली. 'तूच हो आत्या,' बायका म्हणाल्या. ती झाली, आणि मग होतच राहिली. लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्याला ती दर वेळी नवीन कारण सांगे. शेवटचं कारण तिच्या कमरेचं होतं. लॅबमधून रिटायर झाली, पण आत्यापणातून कुणी तिला रिटायर केलं नाही. तिलाही ते नकोच होतं. स्वतःचं मूल नसलेल्या बाईला एका अख्ख्या गावात मान मिळत असेल तर ती तो सोडेल कशाला?

तिचे नियम मात्र कडक. बारशाआधी ती घरी जाऊन आईबापाची उलटतपासणी घेई. नावाचा अर्थ काय, हे आधी कुणाचं होतं, त्या माणसाचं पुढं काय झालं. उत्तर पटलं नाही तर नाव बदलायला लावी. आणि पाळण्यात वाकली की लवकर वर येत नसे. नुसतं नाव सांगून थांबणाऱ्यातली ती नव्हे. कानात आणखीही काहीबाही सांगे. धपाटे मारणाऱ्या बायकांचे हात दुखून येत. 'काय सांगत होतात एवढं?' विचारलं तर म्हणे, "ते आमच्या दोघांतलं आहे."

नावाबद्दल इतकं काटेकोर असण्याला कारण होतं, आणि ते दीनानाथ सोडून कुणाला माहीत नव्हतं. उल्का ही उल्का नव्हतीच मुळी. दीनानाथनंतर आईची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरी ही जन्मली, तेव्हा आजीनं हिचं नाव ठेवलं धोंडी. मरणानं घरात डोकावलं तर त्याला वाटावं, हा तर नुसता दगड आहे, कशाला न्या, आणि त्यानं पुढं जावं. मरण पुढं गेलं, धोंडी राहिली. पाऊस लांबला की आळीतली पोरं हिच्याच अंगणात येऊन नाचायची आणि पाणी मागायची. मॅट्रिकला तिनं रडून रडून नाव बदलून घेतलं. उल्का. आकाशातून पडला तरी तोही दगडच की, असं दीनानाथ एकदा बोलून गेला आणि तीन महिने तिनं त्याच्याशी अबोला धरला. तेव्हापासून त्यानं जिभेला कुलूप लावलं ते लावलंच. अख्खा जन्म स्टील प्लँटमध्ये भट्टीपुढं काढलेला माणूस, पण बहिणीपुढं वितळायचा.

तर अशा ह्या आत्यापुढं एका रविवारी दीनानाथनं चहाचा कप ठेवला आणि घसा साफ केला. त्याचा मुलगा नंदन, ज्याच्या कानात उल्कानं आयुष्यात एकदाच खरी सख्खी आत्या म्हणून नाव सांगितलं होतं, त्याला मुलगा झाला होता. सून नोमिन, मंगोलियाची, इथल्या युनिव्हर्सिटीत शिकवणारी. नंदनला बहीण नाही, म्हणजे मान पुन्हा उल्काचाच. आत्यानं महिनाभर आधीच साडीला फॉल लावून घेतला होता.

"नाव ठरलंय त्यांचं," दीनानाथ म्हणाला. "तेमुजिन."

"कसलं जिन?"

"तेमुजिन. म्हणजे आपला तो," दीनानाथनं खिडकीबाहेर बघितलं, "चंगीझखान. त्याचं लहानपणचं नाव."

उल्का आत्यानं कप खाली ठेवला. खान हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाचा हात आपोआप वाघनखं चाचपतो, त्याला ती तरी काय करणार. "दादा," ती म्हणाली, "आपल्या घरात खान? उद्या शाळेत काय, तेमुजिन खान देशमुख?"

"खान हे आडनाव नाही गं. पदवी आहे. आणि तो मुसलमानही नव्हता, आभाळाला हात जोडायचा. नोमिननं सांगितलं मला सगळं."

"मग काय पेढे वाटू? माणसं मारली त्यानं. शहरंच्या शहरं जाळली. असलं नाव माझ्या तोंडून त्या एवढ्याशा कानात जाणार नाही."

"मला आवडलंय," दीनानाथ पुटपुटला. "लोखंड असा अर्थ होतो. जन्मभर लोखंडात गेला माझा."

"तू गप्प बस."

दीनानाथ गप्प बसला, पण ती निघाली तेव्हा म्हणाला, "नोमिननं सांगितलंय, आत्यांना नको असेल तर जबरदस्ती नाही. ती स्वतःच सांगेल कानात. त्यांच्यातही कानात तीनदा सांगतात म्हणे."

हे मात्र आत्याला झोंबलं. जगभरच्या पोरांना नावं सांगितली आणि घरच्या बारशाला ही कोपऱ्यात बसून घुगऱ्या खाणार? छे. आणि मग तिला सुचली युक्ती. कानात काय सांगितलं ते ऐकतंय कोण? पाळण्यातलं नाव एक आणि व्यवहारातलं एक, हे तर आपल्यात चालत आलेलंच आहे. कानात सांगायचं अनिरुद्ध, कुर्र करायचं, वर यायचं. मग खुशाल म्हणा त्याला तेमुजिन नाहीतर तुर्रमखान. खरं नाव बाळाच्या पोटात आणि आत्याच्या. तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

तरी नियम तो नियम. उलटतपासणी व्हायलाच हवी होती. दुसऱ्या दिवशी ती निघाली. वाटेत दोन कुत्री लागली म्हणून दोनदा रस्ता ओलांडावा लागला. ह्या देशात सगळं काही तिनं जिंकलं, बर्फ जिंकला, गाडी जिंकली, फक्त कुत्रं जिंकता आलं नाही. शेपटी हलवणारं पिल्लू जरी समोर आलं तरी ती बर्फाच्या ढिगात पाय घालून पलीकडे जाई आणि मालकाला वरून 'हाय' म्हणे.

नोमिननं दार उघडलं. वेणी घातलेली, हातात एक छोटा डबा, त्यातून घरघर ऐकू येत होती.

"हे काय?"

"बेबी मॉनिटर, आत्या. तो वर झोपतो, मी खाली ऐकते. श्वास पण कळतो." नोमिनचं मराठी नंदनकडून शिकलेलं, आणि नंदनचं मराठी म्हणजे आधीच अर्ध्यावर इंग्रजी.

आत्या चहाचा कप घेऊन सोफ्याच्या टोकावर बसली. "हं. सांग. कोण होता हा तेमुजिन? पहिल्यापासून सांग. शहरं जाळायच्या आधीपासून."

नोमिन हसली. "आधीचंच सांगायचं आहे मला. तो नऊ वर्षांचा होता, तेव्हा बाबा त्याला मुलगी बघायला घेऊन गेला."

"नऊ? आणि मुलगी?"

"दहा. बोर्ते."

"वर्षानं मोठी. चालतंय. पुढं."

"लग्न ठरलं. त्याला तिकडेच ठेवायचं, सासऱ्याकडे. बाबा घोड्यावर बसला आणि जाताना एकच गोष्ट सांगून गेला: माझा मुलगा कुत्र्यांना घाबरतो, प्लीज सांभाळा."

आत्याचा कप अर्ध्यात थांबला. "कोण घाबरतो?"

"तेमुजिन."

"चंगीझखान?"

"येस. कुत्र्यांना."

आत्यानं कप खाली ठेवला आणि पदर सारखा केला. इतका वेळ ती सोफ्याच्या टोकावर बसली होती, आता नीट मागे सरकून बसली.

मग नोमिन सांगत गेली. परत जाताना बापाला शत्रूंनी विष घातलं. बाप गेला आणि टोळीनं काय केलं, तर विधवा बाई आणि तिची पोरं माळावर टाकून, गुरंढोरं हाकत निघून गेली. आई होएलुन, कंबर बांधून नदीकाठी हिंडायची, मुळं उकरायची, रानातले कांदे, बोरं, जे मिळेल ते पोरांच्या पोटात घालायची.

"एकटी?" आत्यानं विचारलं.

"एकटी. आणि मग तेमुजिननं एक वाईट गोष्ट केली. सावत्र भावाला मारलं. बाणानं. माशावरून भांडण होतं."

"माशावरून? भावाला?"

"मी लपवत नाही, आत्या. त्याच्या आईनं इतकं बोललं त्याला, इतकं, ते आमच्याकडे अजून पाठ आहे लोकांना."

"बोलायलाच पाहिजे होतं," आत्या म्हणाली. बाई तिला पसंत पडली होती.

पुढं त्या सोडून गेलेल्या टोळीनंच तेमुजिनला पकडलं. हा मोठा होऊन आपल्याला छळेल म्हणून. मानेत लाकडी खोडा घातला. एकदा सगळे मेजवानीत असताना त्यानं त्याच खोड्यानं पहारेकऱ्याच्या डोक्यात हाणलं आणि नदीत जाऊन पडून राहिला, नाक तेवढं बाहेर. एका माणसानं बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं, आणि मग तेमुजिन त्याच्याच घरी आला तेव्हा त्याला लोकरीच्या गाडीत लपवलं. झडती घेणारे आले तर म्हणाला, अहो, एवढ्या उन्हात लोकरीखाली कोण जिवंत राहील?

"हुशार माणूस," आत्या म्हणाली. "मग बोर्ते? ती थांबली का ह्याच्यासाठी?"

"थांबली. लग्न झालं. तिच्या आईनं तेमुजिनच्या आईसाठी कोट पाठवला, काळ्या केसाळ कातड्याचा, फार महाग."

"विहिणीचा मान."

"तो त्यानं घेतला आणि एका मोठ्या राजाला देऊन टाकला. बाबाचा जुना दोस्त होता, म्हणून."

"अगं बाई." हे आत्याला शहर जाळण्यापेक्षाही जास्त लागलं. "विहिणीनं दिलेला कोट परस्पर तिसऱ्याला? आणि होएलुन काही बोलली नाही?"

"नाही ना. पण ऐका. मग बोर्तेला शत्रूंनी पळवलं. तेव्हा तो राजा सैन्य घेऊन आला, कोटाचे उपकार होते म्हणून. बोर्ते परत मिळाली."

आत्यानं थोडा विचार केला. "मग ठीक आहे," ती म्हणाली.

त्यानंतर त्याचं बस्तान बसत गेलं. कोण कुणाचा मुलगा हे तो बघायचा नाही, अडचणीत कोण सोबत होतं ते बघायचा. लोकरीत लपवणाऱ्याला जवळ घेतला, चोरीला गेलेले घोडे शोधायला मदत करणाऱ्या पोराला सेनापती केला. एकेक टोळी जोडत गेला, कधी गोडीनं, कधी मारून. शेवटी सगळ्यांनी मोठी सभा भरवून त्याला खान केला आणि चंगीझ हे नाव दिलं.

"आणि मग जग जाळलं."

"हो," नोमिन म्हणाली. "ते पण खरं. पण तो चंगीझ. ते नाव मी देत नाही बाळाला. मी त्याला आधीचं नाव देते. ज्याला सगळे सोडून गेले आणि तरी जगला, त्याचं."

मॉनिटरमधून बाळ कुरकुरलं आणि पुन्हा शांत झालं.

"मुळात त्याला तरी कुणी विचारून ठेवलं होतं ते?" आत्यानं विचारलं.

"नाही हो. बाबानं एक शत्रू पकडून आणला होता, त्याचं नाव तेमुजिन. त्याच वेळी मुलगा झाला. ठेवलं."

"कैद्याचं नाव." मग आत्या सहज विचारावं तसं म्हणाली, "आणि तुझं गं? ते नोमिनच्या पुढं लांबलचक काय लावतेस?"

"एनेबिश. बाबांचं नाव. त्याचा अर्थ 'हा नव्हे'." नोमिननं खांदे उडवले. "आजीची आधीची बाळं गेली. मग असं नाव ठेवतात आमच्याकडे. मरण आलं आणि विचारलं, कुठे आहे बाळ, तर हा नव्हे, हा नव्हे. काहींना तर 'वाईट कुत्रा' पण म्हणतात. बाबा सगळ्यांना सांगतो, मी मरणाला चकवलं. पार्टीत तर हमखास सांगतो."

"लाज नाही वाटत त्यांना?"

"लाज?" नोमिनला प्रश्नच कळला नाही. "कशाची?"

आत्या उठली. चहा तसाच राहिला. घरी जाताना म्हणे समोरून एक कुत्रं आलं आणि ती रस्ता ओलांडायची विसरली. कुत्रंच बाजूला झालं.

बारसं दीनानाथच्या बेसमेंटमध्ये होतं. बाळाची क्रिब, म्हणजे कठड्याची खाट, नंदनच्या घरून आणून तिला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या; झोका देता येत नाही म्हणून चाकं लावून मागंपुढं ढकलायची. वर स्वयंपाकघरात पुरुषमंडळी पुऱ्या तळत होती, दीनानाथच्या हातात झारा. बारशाच्या दिवशी बायकांनी स्वयंपाक करायचा नाही हा हॅमिल्टनचा नियम, आणि तोही आत्यानंच घातलेला. खाली उतरण्याआधी दीनानाथनं तिला जिन्यात गाठलं.

"उल्के," तो हळूच म्हणाला, "तू काय करणार आहेस ते मला कळतंय. दुसरंच काहीतरी सांगणार आहेस. पोरीनं विश्वास टाकलाय. नको करूस."

"पुऱ्या जळतील," आत्या म्हणाली आणि खाली गेली. खरं सांगायचं तर तिचं स्वतःचंच अजून ठरलं नव्हतं. ओठांवर अनिरुद्ध तयार होता.

कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. बाळ क्रिबमध्ये ठेवलं. आत्या वाकली. मागून धपाटे सुरू झाले, सगळ्यात जोरात गौरांगीचे. जिच्या कानात आत्यानंच कधी काळी नाव सांगितलं होतं, ती ही गौरांगी आता जिममध्ये जाते. बायकांच्या गाण्यात आणि धपाट्यांत आत्या काय बोलली ते खाली कुणालाही ऐकू आलं नाही.

वर मात्र सगळ्यांना आलं. क्रिब आणताना नंदननं तिच्यावरचा मॉनिटरचा माइक काढलाच नव्हता, आणि नोमिननं सवयीनं सोबत आणलेला ऐकायचा डबा ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी, चालू होता. त्यातून घरघर झाली आणि आत्याचा आवाज आला.

"तेमुजिन," आवाज म्हणाला. मग पुन्हा, "तेमुजिन." आणि तिसऱ्यांदा, सावकाश, "तेमुजिन. कुर्र."

दीनानाथनं श्वास सोडला. नंदन हसायला लागला. पण डबा थांबला नव्हता.

"आणि ऐक. कुत्र्यांना भ्यायचं असेल तर खुशाल भी, मीपण भिते. आईचं ऐकायचं, ती बोलली तर बोलू द्यायचं. विहिणीनं दिलेली वस्तू विचारल्याशिवाय कुणाला द्यायची नाही." मग जरा वेळ नुसते धपाटे ऐकू आले. "माझं नाव उल्का नाही, बाळा. धोंडी आहे. दगड. मला फार लाज वाटायची त्याची. तुला कुणी तुझ्या नावावरून चिडवलं तर तू लाजू नकोस. मी होते तसा होऊ नकोस."

कढईत पुरी काळी झाली. दीनानाथ झारा तसाच हातात धरून जिना उतरला, मागोमाग सगळे पुरुष. बेसमेंटमध्ये आत्या नुकतीच पाठ चोळत उभी राहत होती. भावाचा चेहरा बघितला, त्याच्या मागचे चेहरे बघितले, आणि मग तिची नजर क्रिबच्या कठड्यावरच्या मॉनिटरच्या हिरव्या दिव्यावर गेली.

"धोंडे," दीनानाथ म्हणाला. पन्नास वर्षांनी.

"हू इज धोंडी?" गौरांगीनं विचारलं.

आत्याला खोटं बोलता आलं असतं, भावाला वेड लागलंय असंही म्हणता आलं असतं, आणि लोकांनी मानलंही असतं. पण तिनं नुकतंच एकाला लाजू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि तो टकामका बघत होता.

"मी," ती म्हणाली. "माझ्या आधीची दोन गेली. म्हणून आजीनं दगड नाव ठेवलं."

नोमिन पुढं आली, तिनं आत्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"इट वर्क्ड," ती म्हणाली.

"काय?"

"नाव. काम झालं ना त्याचं? तुम्ही आहात." तिला मराठी सापडेना. "बाबा पण आहे. तुम्ही पण आहात. चकवलं."

सत्तरी ओलांडलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की ते नाव तिला हिणवायला नव्हतं, राखायला होतं. आजीनं दोन बाळं पुरली होती आणि तिसऱ्याला हात लागू नये म्हणून जे हाताशी होतं ते उचललं होतं. उल्का आत्या क्रिबच्या कठड्याला धरून सगळ्यांदेखत रडली, आणि दीनानाथ तेलकट झारा घेऊन शेजारी उभा राहिला.

"बाळाच्या आईचा धपाटा राहिला," कुणीतरी आठवण केली.

नोमिननं हात उचलला, म्हाताऱ्या पाठीवर अगदी हळू ठेवला.

"अशी काय मारतेस," आत्या नाक पुसत म्हणाली, "जोरात घाल. दगड आहे."